दक्षिण ध्रुवाची स्वस्त जागा

६ डिसेंबर १९८३, सिहोरा

पोचलो बाप्पा एकदाचा! आर्वीहून नागपूर, मग भंडारा, मग तुमसर, आणि तुमसरहून सिहोऱ्याची खिळखिळी यष्टी. शेजारच्या म्हाताऱ्याची कोंबडी वाटभर माझ्या मांडीवर बसली आणि उतरताना मांडीवर आपली आठवण ठेवून गेली. शी! एरवी मी अख्खी गाडी डोक्यावर घेतली असती. आज सोडून दिलं. दक्षिण ध्रुवावर निघालेल्या माणसानं कोंबडीशी काय भांडायचं?

पंधरा वर्षं मी शाळेत भूगोल शिकवतोय. नकाशाच्या तळाशी एक पांढरा पट्टा असतो, त्यावर छडी ठेवून म्हणायचं, मुलांनो, इथे बर्फच बर्फ. दोन वर्षांपूर्वी आपले शास्त्रज्ञ तिथे जाऊन आल्याचं पेपरात वाचलं आणि माझी झोप उडाली. परदेशी जहाजं हौशी लोकांनाही नेतात म्हणे, पण भाडं ऐकलं तर माणूस खुर्चीतच बसून राहील. मग भैयाजींचं नाव कानावर आलं.

भैयाजी पूर्वी काशी-गयेच्या बसगाड्या काढायचे, आता जहाजाच्या जागा काढतात. त्यांनी सगळं नीट समजावलं. मोठे लोक हौसेनं जागा धरतात, ऐनवेळी त्यांचे पाय गळतात. जहाज काही थांबत नाही, मग ती जागा मातीमोल भावात निघते. फक्त माणूस बॅग भरून तयार हवा, तार आली की त्याच क्षणी निघायला हवं. म्हणून सगळे उमेदवार त्यांच्याकडेच मुक्कामाला असतात.

मुक्काम म्हणजे तलावाच्या पाळीवरचा बर्फाचा कारखाना. कधीकाळी इथून मासे बर्फात भरून कलकत्त्याला जायचे. आता मशीन बंद आहे. वास मात्र चालू आहे.

आईला पोचल्याचं पत्र टाकलं, पत्त्यासकट.

८ डिसेंबर

माझ्या नाकाबद्दल घरी सगळे हसतात. आईचं नाक तर माझ्याहून तिखट. चार घरं सोडून कुणी मासळी तळली तर आमच्या मातोश्री मनकर्णाबाई खिडक्या लावून उदबत्ती पेटवतात. ती इथे आली तर दारातच भोवळ येऊन पडेल.

भैयाजींनी आज थंडीच्या सवयीची खोली दाखवली. कारखान्याची जुनी शीतखोली, भिंतीला एकावर एक लाकडी फळ्या ठोकलेल्या. जहाजावरचे बर्थ असेच असतात, रोज दुपारी इथे पडून सवय करा म्हणाले. मी पडलो. उशीखाली हात गेला तर बोटांना खवले चिकटले. फळीच्या फटीत चिकट, पिवळट काहीतरी होतं आणि त्यात एक लांब केस. माणसाचा. धावत जाऊन तलावावर हात घासले, राख लावून, वाळू लावून. अजून बोटं हुंगतोय.

आणखी एक उमेदवार आहेत. मारोतराव, मोहाडीचे धानाचे व्यापारी. पोट सुटलेलं, हसणं गडगडाटी. जेवताना ढेकर देतात आणि वर आनंदानं पोटावरून हात फिरवतात. किळसवाणा माणूस, पण मनानं चांगला. मला म्हणाले, "मास्तर, मी त जिंदगीभर धानाचा भुसाच पायला. मले एक डाव पांढरं काही पाहाचं हाय."

स्वयंपाकाला शकुनबाई आहे. तोंडाची फटकळ, पण लाखोरीच्या डाळीचे वडे असे करते की वासाचा विसर पडतो. वाढताना तिनं विचारलं, मास्तर, माय हाय का? हाय म्हटलं. म्हणाली, मग तिले लिहून टाका, इकडं येऊ नोको म्हनावं. मी म्हटलं, ती कशाला मरायला येतेय या उकिरड्यात! तिनं हातातला वडा परत परातीत टाकला आणि आत गेली. तिरसट बाई.

एक नवल. मशीन बंद, विजेची तार तोडलेली, तरी शीतखोलीत बर्फाच्या लाद्या आहेत. सकाळी मासेवाला गाडी भरून घेऊन गेला.

११ डिसेंबर

मारोतरावांची तार आली! काल एक जागा रद्द झाली. माणूस लहान मुलासारखा नाचला हो, पोट धरून नाचला.

निघण्याआधी भैयाजींचा एक रिवाज आहे. जुन्या काळी काशीला जाणारे परतीची खात्री नसल्यानं स्वतःचं क्रियाकर्म आटोपूनच निघायचे, भैयाजींनी तेच इथे चालवलंय. पळसाच्या देठांचे हातपाय, नारळाचं डोकं, दर्भाची बांधणी, असा आपलाच पुतळा आपणच बांधायचा, त्याला आपलं अंगावरचं एक वस्त्र घालायचं आणि तलावावर आपल्याच हातानं अग्नी द्यायचा. समुद्रात काही झालं तर घरच्यांना घोर नको. एरवी माणूस वर्षानुवर्षं बेपत्ता असेल तर घरचे हे करतात. जिवंतपणी हौसेनं करणारे आम्हीच.

मारोतरावांनी आपलं धोतर घातलं पुतळ्याला. पुतळ्याचं पोटही सुटलेलं दिसत होतं. आम्ही खूप हसलो.

मी बाजारातून आलो तोवर ते गेले होते. जीप दिसली नाही. त्यांचे जोडे मात्र शीतखोलीच्या दाराशी आहेत. घाईत विसरले असतील.

शकुनबाईनं त्याच दाराशी पत्रावळीवर भाताचा गोळा ठेवला, वर काळे तीळ. विचारलं तर म्हणे कावळ्यासाठी.

१४ डिसेंबर

माझी जागा निघाली! नागपूरच्या कुण्या डॉक्टरानं ऐनवेळी माघार घेतली. देव त्याचं भलं करो.

दुपारी पाळीवर बसून पुतळा बांधला. हात चिकट झाले, देठांतून रस निघतो त्याचा वास कसातरीच. मी शिकलेला माणूस, मला या भाकडकथेचं काय! पण एवढ्यासाठी दक्षिण ध्रुव सोडू? आईनं विणलेला विटकरी मफलर गळ्यातून काढून पुतळ्याच्या गळ्यात बांधला. तेवढं मात्र जिवाला लागलं. काडी ओढली. मफलर आधी पेटला, लोकर जळल्याचा घाणेरडा वास आला, आणि एकदम अंगातली ऊब कुणी ओरबाडून नेल्यासारखी गेली. डिसेंबर आहे, वारं असेल.

जीप संध्याकाळी येईल. तोवर बर्थवर पडून राहा म्हणाले भैयाजी. आईला पुन्हा पत्र टाकायचं राहिलं.

१५ डिसेंबर

जीप आली नाही. भैयाजींना जाब विचारायला गेलो. खूप बोललो, तोंडाला येईल ते बोललो. ते पान लावत बसले होते. चुना, कात, सुपारी. मान वर केली नाही. हा काय उर्मटपणा!

शकुनबाईही बोलत नाही. वडे बंद. दाराशी पत्रावळ ठेवून तोंड फिरवून गेली. थंडगार भाताचा गोळा, मीठ नाही, वर काळे तीळ. मी काय कावळा आहे? पत्रावळ लाथाडणार होतो, तेवढ्यात खरंच कावळा आला. माझ्या मांडीवरून चालत गेला.

१६ डिसेंबर

पुरे झालं. घरी जातोय. गेला खड्ड्यात दक्षिण ध्रुव. आईच्या हातचा गरम वरणभात खाईन आणि मुलांना म्हणेन, तिथे काही नाही, बर्फच बर्फ.

१६ डिसेंबर, दुपारी

परत आलो. लिहायलाही लाज वाटते.

यष्टीत कंडक्टरनं तिकीट विचारलं नाही. एका बाईनं टोपली माझ्या मांडीत ठेवली. मी ओरडलो. तिनं टोपली नीट टेकवली. मग ऊन चढलं, गाडी तापली, आणि कुणीतरी म्हणालं मासे कोनाचे हायेत बे, सडून राहिले. सगळ्यांनी नाकाला पदर लावले, रुमाल लावले. एक पोर ओकलं. मीही नाक धरलं. धरलेल्या बोटांतून पाणी गळत होतं. पिवळट, चिकट. बोटांचं कातडं ओल्या कागदासारखं सुटत होतं.

तो वास माझा होता.

मी! नाकावर माशी बसू न देणारा मी! नाकावर माशी बसली होती, आणि मला कळलंसुद्धा नाही.

गाडीतून उडी टाकली आणि धावलो. थंडीकडे धावलो. शीतखोलीत शिरलो तेव्हा गळणं थांबलं. किती बरं वाटलं, शी, किती बरं वाटलं!

१७ डिसेंबर

वरच्या फळीवर मारोतराव आहेत.

पांढरे. डोळे उघडे, पापण्यांवर बर्फाची साय. पोट तसंच. समोरच्या फळ्यांवरही माणसं, एकावर एक, डोकी एका बाजूला, मासे लावतात तशी. म्हणजे जहाज हेच. मला मिळालेली जागा हीच. नागपूरचा डॉक्टर वगैरे कुणी नव्हताच.

मारोतराव ओठ न हलवता बोलतात. म्हणाले, मास्तर, पायलं का, किती पांढरं हाय? ते खूश आहेत. त्यांना समुद्र दिसतो. मला ओल आलेली भिंत दिसते.

१८ डिसेंबर

आता कळलं. आपल्या वाट्याचा अग्नी आपण गवताला देऊन बसलो. पुतळा जळून सुटला, देह राहिला. त्याला ना ऊब, ना सुटका. नुसती थंडी. भैयाजीचा बर्फ या थंडीवर जमतो. फळ्यांखाली आमचं जे ठिबकतं ते सकाळी लादी होऊन जातं. मासेवाला फोडून नेतो. आज त्यानं एक तुकडा तोंडात टाकला, चोखत उभा राहिला — माझ्या फळीखालचा —

आज मी पत्रावळ लाथाडली नाही. तिळाचा भात मी खाल्ला. कावळ्याच्या आधी.

तारीख माहीत नाही

पेन्सिल बोटांना चिकटलीये. काढली तर कातडं येतं.

कधी कधी खोली हलते. दूर भोंगा. पांढरं दिसायला लागतं — मी बघत नाही. बघितलं की मारोतरावांसारखं होईल. मी आईचा चेहरा धरून ठेवतो. वरणभात. उदबत्ती.

फळ्या सगळ्या भरल्या. माझ्याखालची एकच रिकामी. शकुनबाईनं काल पुसली, पुसताना रडत होती. काहून —

तारीख नाही

बाहेर आईचा आवाज.

आईच. भांडतेय. माझा जागेश्वर कुठाय म्हणते. माझ्या पत्त्यावरून आली. एकटी — चार गाड्या बदलून — या वयात —

भिंतीच्या फटीतून दिसते. नाकाला पदर लावलाय. भोवळ आली नाही तिला. पदराआडून म्हणते, हा वास कसला, माझं पोर इथं एक घटका राहायचं नाही.

भैयाजी गोड बोलतोय. मास्तर जहाजावर गेले, तिकडं आजारी पडले, कुणीतरी आणायला जायला पाहिजे. नशीब बघा आई, आजच एक जागा रद्द झाली. स्वस्तात —

आई म्हणाली जाते.

मी ओरडतोय. आई, नाक आहे ना तुला! ओळख! तो वास माझा —

शकुनबाईनं तिचा हात धरला. भैयाजीनं शकुनबाईला ढकललं.

नंतर

पाळीवर बसलीये. देठ बांधतेय. रस हाताला लागतो, ती पदराला पुसते, पुन्हा बांधते. किळस येत नाही तिला. माझ्यासाठी येत नाही.

दारापर्यंत गेलो. उन्हात पाय सुटायला लागले. सुटू दे. पोचतो. तिच्या समोर उभा आहे — गळतोय — आई, मी —

थांबली. वास घेतला. नाकावरचा पदर बाजूला केला. वास घेतेय. माझ्याकडे — थेट माझ्याकडे —

म्हणाली, जागू?

हो आई! हो! घरी जा, ते टाक, पळ —

रडतेय. भैयाजीला म्हणते, लवकर करा, माझं लेकरू मले बोलावून राहिलं —

नारळ बांधला. लुगड्याचा काठ फाडला, गुंडाळला. मी काडेपेटीवर हात ठेवतो. हात नाही राहिला, पाणी — काड्या भिजू दे, सगळ्या भिजू दे —

पहिली विझली.

दुसरी विझली.

भैयाजी आपली पेटी काढून देतो. आई, नको ग, इकडे बघ, तुझ्या डोळ्यांसमोर — तिनं काडी ओढली, पेट