पाठ लोकांकडे, हात आमच्याकडे

अक्का, तुमच्या घराच्या पुढच्या खोलीत आता एसटीडी बूथ झालाय. शनिवारी गाण्याच्या क्लासला आलो की आम्ही पोरं जिथे चपला काढायचो, तिथे लोक फोनसाठी उभे असतात. मल्लेश्वरमला गेलो की मी तिथूनच जातो, बघतो आणि पुढे निघतो. काही वाटत नाही. तुम्ही गेलात तेव्हाही वाटलं नव्हतं. मी दहावीनंतर पीयूसीला होतो, आईने जेवताना सांगितलं आणि मी ताटातला भात संपवला.

आठवतात ते तुमचे हात. आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही गायला उभे राहायचो तेव्हा लोकांना तुमचा अंबाडा आणि पाठ दिसायची. हात फक्त आम्हाला. तुम्ही ते बहुतेक वेळ कमरेपाशी, पदराआड ठेवायचात, मागच्यांना वाटावं बाई नुसत्या उभ्या आहेत. गालाला बोट लावलं की हसायचं. कानाची पाळी ओढली की शेजारच्याचं ऐकायचं. कणीक दाबावी तसा तळवा खाली दाबला की आवाज कमी. आणि ओळ संपताना अंगठा आणि बोट जुळवून दोऱ्याला गाठ मारल्यासारखं करायचात. तिथे सगळ्यांनी एकदम थांबायचं, कुणाचं शेपूट मागे लोंबता कामा नये. आम्ही त्याला गाठच म्हणायचो. तालमीत तुम्ही भरपूर बोलायचात. "खाली काय बघतोस रे, पाय गाणारेत का तुझे?" माझ्या वाट्याला तर दर शनिवारी काहीतरी असायचंच. "आवाज चांगला आहे तुझा, पण भांडायला आल्यासारखा येतो. स्वल्प मेल्लगे, जरा हळू, बाबा. शेजारी माणसं उभी आहेत." कार्यक्रमात मात्र तुमच्या तोंडून शब्द नाही. जे काय ते हातांनी.

एक दुपार अजून तशीच्या तशी समोर येते. मंडळाचा वार्षिक कार्यक्रम, आमचं दुसरं कडवं चालू आहे आणि करंट जातो. माइक मेला, पंखे थांबले, मागे कुजबुज सुरू. कुणीतरी जनरेटरवाल्याच्या नावाने कन्नडमध्ये ओरडतंय. मी छाती भरून घेतो, की आता हा हॉल आपणच भरायचा. तुमची नजर थेट माझ्यावर येते आणि तळवा खाली जातो. मला वाटतं, चुकलं यांचं. तळवा आणखी खाली. मी चिडतो, पण कमी करतो. सगळेच करतात, इतकं कमी, की पुढच्या रांगेतल्या एका मुलीचा आवाज मला वेगळा ऐकू यायला लागतो. आणि मग हॉल गप्प होतो, कारण आम्ही काय गातोय ते कुणाला ऐकूच येत नाहीये. पदराने वारा घेणाऱ्या बायकासुद्धा थांबतात. नंतर मी तोंड फुगवून बसलो होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तू ओरडला असतास तर तेही ओरडले असते." बस, एवढंच. त्या मुलीचं जे काही माझ्या डोक्यात बसलं ते त्या दुपारपासून. तुम्हाला कळलं असेलही. तुम्ही आमच्याकडेच तर बघत असायचात.

इंजिनियरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. एका लेक्चररशी वाजलं, उठलो, परत गेलो नाही. आता पीण्या इंडस्ट्रियल एरियात एका शेडमध्ये लेथवर असतो. त्या मुलीचं आणि माझं मात्र चालू होतं. मग तिला हुबळीचं स्थळ आलं. ती म्हणाली, "घरी येऊन अप्पांशी बोल. पण शांतपणे बोल हं, तुझ्यासारखं नको." म्हणून एका रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून तिला मागणी घालायला गेलो.

तिच्या अप्पांचं कापडाचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. बस म्हणाले, आत कॉफी सांगितली.

"कॉलेज?"

"सोडलं."

"सरी, ठीक. आणि आता?"

"पीण्याला. लेथवर."

"तिथे तरी टिकणार, की मालकाशीही भांडून झालंय?"

"मी कुणाशी भांडतो ते सोडा, मी काय विचारायला आलोय ते ऐका ना!" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. त्यांच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती. तिचा हात कमरेपाशी होता. तळवा खाली गेला. माझा आवाज तिथल्या तिथे बसला.

"हां, असं बोल की," अप्पा म्हणाले. त्यांना वाटलं, मी त्यांना वचकलो. "काय विचारायचंय?"

"मला तुमच्या—"

आणि तिने गाठ मारली.

मी थांबलो, अक्का. शेपूट न ठेवता. अप्पा वाट बघत होते. "बोल ना रे." मी म्हटलं, "काही नाही." कॉफी तिनेच आणली, माझ्याकडे न बघता. मी ती सगळी प्यायलो, चपला घातल्या आणि बसस्टॉपवर आलो.

आता ती हुबळीला आहे. मी बोललो असतो तर सगळं बिघडलं असतं म्हणून तिने थांबवलं, की तिचं आधीच ठरलं होतं, मला माहीत नाही. लग्नाआधी महिनाभर वेळ होता, विचारता आलं असतं. पण गाठ पडल्यावर का म्हणून विचारायची आम्हाला सवयच नव्हती. राग यायला हवा होता. लोक मला रागावरूनच ओळखायचे. शेडचा मालक हल्ली कौतुकाने सांगतो की हा पोरगा एक शब्द उलट बोलत नाही. मी मान हलवतो आणि लेथवर पुढचा जॉब लावतो.

हे पत्र कुठे टाकणार नाहीये. तुम्हाला लिहायला म्हणून बसलोही नव्हतो. कागदावर पहिल्यांदा तिचं नाव लिहिलं होतं, त्याच्यापुढे काही सुचेना, म्हणून ते खोडून अक्का लिहिलं. नीट खोडलं गेलेलं नाही. वाचता येतंय.