पेपरात गुंडाळलेले फिल्टर

बाबा,

गाडीचं इंजिन गेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला प्रस्तावना आवडत नसे. दसऱ्याच्या दिवशी अभनपूरहून परत येताना गेलं. मला काही लागलं नाही, गाडीलाही बाहेरून ओरखडा नाही. आता ती पुरानी बस्तीतल्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडं टाकून उभी आहे. जुनं इंजिन दुरुस्त करायचं की दुसरं बसवायचं, हे मेकॅनिकला आज सांगायचं आहे, आणि मी ते सांगायचं सोडून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवणारी या घरात मी एकटीच उरले. गाडीचं ऐकून लोक हळहळतात, मग मीही 'हो ना, फार वाईट झालं' म्हणते. खरं म्हणजे आत काही हललेलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं चाललं आहे. तुम्ही गेलात तेव्हाही असंच झालं होतं. आलेल्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, 'पोट्टी रडून नाही राहिली,' आणि मी आतल्या खोलीत त्यांच्यासाठी कप मोजून काढत होते.

ते पोतं तुम्हाला आठवत असेल. रेल्वेच्या कारखान्यात कोणीतरी तुम्हाला सांगितलं की आपल्या अ‍ॅम्बॅसिडरचं जुनं पेट्रोल इंजिन कंपनी बंद करते आहे, आता सामान मिळणार नाही. तुम्ही सुट्टी टाकून नागपूरला गेलात आणि खांद्यावर पोतं घेऊन परत आलात. नागपूरहून पोतं म्हणजे संत्री, असं समजून आईने हात घातला आणि पुठ्ठ्याचा खोका बाहेर काढला.

"हे काय हो? संत्री कुठं आहेत?"

"ऑइल फिल्टर आहेत. तेल गाळायचे."

"एवढे? दुकान टाकून राहिले का?"

"आता मिळणार नाहीत म्हणतात. पोट्टीच्या पोट्टीले बी पुरतील."

"अन् ठेवता कुठं?"

तुम्ही वर, स्वयंपाकघराच्या माळ्याकडे पाहिलंत. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "गाडीचं सामान माझ्या पापडाच्या डब्याजवळ काहून?" तुम्ही म्हणालात, "पापड सादळतो, तसा कागद बी सादळते. तुझ्या माळ्याइतकी कोरडी जागा अख्ख्या रायपुरात नाही." त्या स्तुतीवर आई हरली. मग तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसला आहात, एकेक फिल्टर खोक्यातून काढून वर्तमानपत्रात गुंडाळता आहात, आत डांबराची गोळी, वरून सुतळी. मी सुतळीचे तुकडे कापून तुमच्या हातात देते आहे. एवढ्या हळुवारपणे तुम्ही मला कधी शाल पांघरल्याचं आठवत नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही.

पेपर नागपूरचाच असायचा, रेल्वेने एक दिवस उशिरा येणारा मराठी. माझ्या शाळेत मराठी नव्हतंच. सकाळची प्रार्थना इंग्रजी, सिस्टरांचं रागावणं इंग्रजी, मधल्या सुट्टीत हिंदी. संध्याकाळी तुम्ही कालचा पेपर माझ्यापुढे टाकायचे आणि एक कॉलम मोठ्याने वाचायला लावायचे. मी अडखळले की तुम्ही डोळे मिटूनच म्हणायचे, "परत." आज हे पत्र मला मराठीत लिहिता येतं आहे ते त्या 'परत'मुळे.

खंडेनवमीला आपल्याकडे पाटावर तुमचे पाने आणि पेचकस, आईची विळी, माझी कंपासपेटी असं सगळं मांडलं जायचं. शेजारची काकू गोंद्याची फुलं आणून द्यायची. झेंडूला गोंदा म्हणतात हे मला झेंडू हा शब्द कळायच्या आधीपासून माहीत होतं. त्या सगळ्यांत मानाची जागा नव्या फिल्टरची. तुम्ही त्याला बोटाने कुंकू लावायचे आणि मग जुनं तेल काढून तो इंजिनात बसवायचे. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, नव्या तेलाची पहिली फेरी अभनपूरपर्यंत. तिथे टपरीवर चहा, चहा पिता पिता तुम्ही वाकून गाडीखाली बघणार, तेल ठिबकत नसलं की आईकडे बघून मान हलवणार, आणि परत. आपल्या घरचं सीमोल्लंघन ते एवढंच.

तुमच्यानंतर मी यातलं काही मोडलं नाही. लग्न होऊनही मी याच गावात राहिले, पुढे आईच्या आजारपणात याच घरात परत आले, तेव्हा मोडायचं कारणच पडलं नाही. दर खंडेनवमीला माळ्यावरून एक पुडकं काढायचं, सुतळी सोडायची. आतून फिल्टर निघायचा आणि त्याच्याभोवतीचं पेपराचं पान निघायचं. कोणा अनोळखी मुलीसाठी स्थळ पाहिजे, विदर्भात उष्णतेची लाट, एखाद्या नाटकाचा प्रयोग. मी ओट्यापाशी उभी राहून ते पान मोठ्याने वाचायची. अडखळले तर पुन्हा वाचायची. मग फिल्टरला कुंकू लावून तो गॅरेजमध्ये पाठवायचा.

मेकॅनिक माझ्याच वयाचा आहे, तोंडाने सतत चालू. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याने विचारलं होतं, "दीदी, नवा मिलथे बजार म. ए जुन्ना ल काबर लगवाथस?" नवे बाजारात मिळत होते, बाबा. कधी बंद झालेच नव्हते. जुने का लावते, याचं उत्तर म्हणून मी सांगितलं, हे माझ्या वडिलांनी ठेवलेले आहेत. त्याने फिल्टरवरचं कुंकू पाहिलं आणि हसला. "हव, त बाबूजी के परसाद ए. लगाबो!" तेव्हापासून तो दर वर्षी 'परसाद आ गे का?' असंच विचारायचा.

या वर्षी पापडाच्या डब्यामागे हात घातला तर एकच पुडकं लागलं. शेवटचं. पेपर इतका पिवळा झाला होता की घडीवर तुटला, मला धड वाचताही आला नाही. फिल्टर हातात हलका लागला. मी कुंकू लावलं. मेकॅनिकने बसवला. दसऱ्याला अभनपूरला गेले, चहा घेतला, वाकून गाडीखाली बघितलं. काही ठिबकत नव्हतं. परतीच्या वाटेवर इंजिनातून खट् खट् असा आवाज यायला लागला, पण गाडी काय, मी काय, आवाज आता आम्हा दोघींमधून येतातच. मग तो लाल दिवा लागला.

त्या दिव्यावरून तुम्ही मला एकदाच बोलला होतात. मी गाडी शिकत होते, तुम्ही बाजूच्या सीटवर. शंकर नगरच्या वळणावर तेलाचा लाल दिवा लागला आणि मी म्हटलं, "आलंच ना घर, बाबा."

"थांबव!" तुम्ही एवढ्या जोरात ओरडलात की रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा थांबला. "घर दिसून राहिलं म्हणून तेल येते का इंजिनात? दिवा लागला की थांबायचं. जिथं असशील तिथं. माझ्या तिरडीमागं जात असशील, तरी थांबायचं!"

घरापर्यंत गाडी ढकलत आणली आपण. संध्याकाळी तुम्ही येऊन गाडीची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवलीत. माझी म्हणून.

तर मी थांबले, बाबा. जिथे होते तिथे, निलगिरीच्या झाडांखाली. पण दिवा लागला तोवर उशीर झाला होता. चार दिवसांनी मेकॅनिकने बोलावलं. इंजिनाचा तळ काढून ठेवला होता आणि एका ताटलीत काळ्या कागदाचे तुकडे होते, भिजलेल्या चहापत्तीसारखे. फिल्टरचा कागद वयाने कुजला होता, गरम तेल लागल्यावर फाटला आणि त्याचे तुकडे तेलाच्या वाटांमध्ये जाऊन बसले. पुढे तेल गेलं नाही, लोखंडावर लोखंड घासत राहिलं. त्याने हात पुसत पुसत ताटलीकडे बघितलं. "परसाद ह इंजन के नरी म अटक गे, दीदी," म्हणाला आणि स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. मग त्यालाच कसंसं झालं असावं. "गलती मेरी भी है. लगाया तो मैंने ही ना."

मी त्याला चहा मागव म्हटलं.

घरी येऊन लेकीला सांगितलं. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आमचं तसंच चालतं. तुमच्या त्या 'पोट्टीच्या पोट्टीले'मधली ही पोट्टी. ती ऑफिसातून नुकतीच आली होती, चप्पल पण काढली नव्हती.

"आई, इतने साल पुराना फिल्टर कोई लगाता है क्या?"

"नानांनी ठेवले होते गं."

"नाना ने लगाने के लिए रखे थे. साल में एक, पूजा में बिठाने के लिए थोड़ी ना."

ती पाणी प्यायला आत गेली आणि मला केकचा तुकडा आठवला. शाळेत नाताळला सिस्टर प्रत्येक मुलीला केक द्यायच्या. एका वर्षी तुम्ही कामावरून कुठे बाहेर गेला होतात, म्हणून मी माझा तुकडा डब्यात घालून तुमच्यासाठी ठेवला. आईला हात लावू दिला नाही. तुम्ही आलात तेव्हा त्याला मुंग्या लागल्या होत्या आणि एका कडेला बुरशी. तुम्ही डबा उघडून बघितलात. "ठेवायसाठी देतेत का कोणी, बाई? खायसाठी देतेत," एवढंच म्हणालात. मग बुरशीची कड काढून टाकली, मुंग्या फुंकल्या आणि उरलेला माझ्यासमोर खाल्लात. त्यानंतर काही वर्षांनी तुम्हीच ते पोतं घेऊन आलात. मग हे कशाला ठेवताय, ते तुम्हाला विचारायला हवं होतं.

आता निर्णय. जुनं इंजिन घासूनपुसून चालू होईलही, पण किती दिवस, ते मेकॅनिक सांगत नाही. त्याच्याकडे एका मोडीत निघालेल्या अ‍ॅम्बॅसिडरचं इंजिन आहे, चांगलं आहे, पण दुसरंही गिऱ्हाईक आहे. मला अडचण आवाजाची होती. तुम्ही कारखान्यातून आलात हे आईला फाटक वाजायच्या आधी त्या आवाजावरून कळायचं आणि ती चहाचं आधण ठेवायची. दुसऱ्याचं इंजिन दुसऱ्यासारखं बोलेल. पण मघाशी इथवर लिहून मी उठले आणि त्याला फोन केला. दुसरं बसव म्हटलं. फिल्टर बाजारातून आण, नवा. तो म्हणाला, "हव दीदी," आणि लगेच फोन ठेवला. माळ्यावर पापडाचा डबा आता भिंतीला टेकवून ठेवता आला. पेपराचे तुकडे अजून ओट्यावर आहेत, ते आज टाकेन.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक गोष्ट सांगायला हरकत नाही. लेकीला आणि मेकॅनिकला मी सांगितलं आहे की दिवा लागल्याबरोबर थांबले आणि लगेच फोन केला. थांबले हे खरं आहे. फोन लगेच केला नाही. इंजिन बंद करून मी दोन्ही हात स्टीअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिले, चहा पूर्ण निवला असता इतका वेळ. बाजूच्या सीटकडे बघितलं नाही. तुमचं ओरडणं ऐकू येईल म्हणून थांबले होते.