भिंतीपलीकडची मशिनं आणि आपले निवांत उंदीर

प्रिय रेगे मॅडम,

शोकसभेत सगळे तुमच्या शिस्तीबद्दलच बोलले. वक्तशीर, करारी, कडक! मला वाटलं, ही कोण बाई? माइक माझ्या हातात आला तेव्हा मी नुसता नमस्कार करून खाली बसले. तिथे राहिलं ते आज लिहिते. तुमच्याशिवाय कुणाला सांगणार?

मी मोरिवलीची, कारखान्यांच्या शेजारी वाढलेली, गावातली पहिली एम.एस्सी. उल्हासनगरच्या आपल्या कॉलेजात तुमच्याकडे पीएच.डी.ला आले, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "उंदराला हात लावशील?" मी म्हटलं, "शेतात बिळं खणून काढलेत, मॅडम." किती मोठ्यांदा हसलात!

विषय तुमचा लाडका. मेंदूतली स्निग्ध द्रव्यं ज्या कच्च्या मालापासून घडतात, त्याला किरणोत्सारी खूण लावायची, सुईनं तो उंदराच्या मेंदूत सोडायचा आणि कुठवर पसरतो ते बघायचं. काही उंदीर पिंजऱ्यात निवांत, काही जाळीच्या नळीत जखडलेले, म्हणजे ताणात. निवांत उंदरांच्या मेंदूत खूण सगळीकडे सारखी पोचायची. ताणातल्यांच्या मेंदूत ती सुईच्या आसपासच रेंगाळायची, दूरच्या भागांत जेमतेम. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा तुम्ही माझ्या पाठीत आनंदानं धपाटा घातला होतात. करारी म्हणे!

दुसऱ्या वर्षी सगळंच फिसकटलं. निवांत उंदीरही ताणातल्यांसारखेच निघू लागले. सुई तीच, द्रावण तेच, हात माझाच! मुंबईहून आलेले ते बडे प्राध्यापक म्हणाले, "एका वर्षाचे आकडे फेकून द्या. दोन्ही ठेवून प्रबंध होत नसतो." शिष्यवृत्ती संपत आली होती. घरी आईचा धोशा, "गो पोरी, त्या उंदरांचे मागं अजून किती वरसा?" मी तुमच्यासमोर रडले.

तुम्ही समजूत घातली नाहीत. "रडून झालं की ये," म्हणालात आणि स्टूल घेऊन उंदरांच्या खोलीत जाऊन बसलात. मी आत आले तेव्हा तुमचा तळवा एका पिंजऱ्यावर होता.

"सुनंदा, इथे हात ठेव."

पिंजरा थरथरत होता.

भिंतीपलीकडे लालचंद शेठचा जीन्सचा कारखाना. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये कुठल्या भिंतीपलीकडे नसतो? पण त्या वर्षी शेठनी नवी मशिनं आणून नेमकी आपल्या भिंतीला लावली होती. आपले निवांत उंदीर निवांत नव्हतेच!

"म्हणजे पहिले आकडे खरे!" मी ओरडले.

"दोन्ही वर्षांचे खरे असतील," तुम्ही म्हणालात. "पण दाखवावं लागेल."

मी शेठशी भांडायच्या तयारीत होते. तुम्ही मात्र त्यांना उंदरांच्या खोलीत बोलावून आणलंत, पिंजऱ्यावर हात ठेवायला लावलंत आणि सुईची, खुणेची सगळी हकिकत सांगितलीत. शेठनी पुन्हा एकदा पिंजऱ्यावर हात ठेवून पाहिला. मग हळूच म्हणाले, "मॅडम, मेरी घरवाली ऊपर के कमरे में सोती है. साल भर से उसको नींद नहीं. यही कारण है क्या?"

हो म्हटलं असतंत तर आपलं काम तिथल्या तिथे झालं असतं! तुम्ही म्हणालात, "चूहों का बता सकती हूँ, सेठ. उनका नहीं. उनको डॉक्टर को दिखाइए." आणि जरा थांबून, "पर मशीनें हटाकर देख तो सकते हैं."

त्याच आठवड्यात मशिनं पलीकडच्या भिंतीला गेली, खाली रबराच्या पट्ट्यांसकट. पुढे नव्या उंदरांची मोजणी आली. निवांतांच्या मेंदूत खूण पुन्हा सगळीकडे सारखी! शेठाणींची झोपही थोडी सुधारली. मला तो उल्लेख प्रबंधात हवा होता. तुम्ही लाल पेनानं खोडलात.

तोंडी परीक्षेला तेच प्राध्यापक. "दोन्ही वर्षांचे आकडे ठेवलेत?" मी म्हटलं, "हो सर. तुम्ही फेकायला सांगितलेल्या आकड्यांचं प्रकरणच सगळ्यात पक्कं आहे." तुम्ही हसू लपवायला खिडकीबाहेर बघत होतात. मी पाहिलं हं!

आता एक विचारू? स्वतःचं दुखणं वर्षभर कसं लपवलंत? दिवाळीला मी बेलवलीला तुमच्या घरी आले. फराळाचं ताट माझ्यापुढे केलंत, स्वतः चकलीचा तुकडाही मोडला नाहीत. विचारलं तर म्हणे उपास. दिवाळीत कसला उपास, मॅडम? आम्हाला कळलं असतं तर कुणी आळीपाळीनं सोबत राहिलं असतं, कुणी डबा आणला असता. तेवढं करायचा हक्क होता आमचा. राग आलाय मला. थोडा येऊ दे.

जूनपासून विभाग माझ्याकडे आलाय. प्राचार्य म्हणाले, प्राण्यांची खोली बंद करून टाकू, फार खर्चाची आहे. मी नाही म्हटलं, आणि का ते इतकं नीट सांगितलं की त्यांनी ऐकलं.

तुम्हाला शब्द देते. ती खोली मी चालवीन. एखादी मुलगी निष्कर्ष जुळत नाहीत म्हणून माझ्याकडे आली, तर एकही आकडा तिला फेकू देणार नाही. फक्त आधी तिला पोटभर जेवायला घालीन. तुम्ही हे कधी केलं नाहीत, मॅडम. एवढी सुधारणा माझी!

तुमची,
सुनंदा भोईर