सहा हर्निया

भोर, मंगळवार, १२ सप्टेंबर १९७२

डोकं भणभणतंय. सगळ्यात जास्त राग माझ्याच वळणदार अक्षराचा.

सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना सारखीच संधी मिळते का, हे बघायला आज पुण्याहून समिती येणार होती. सकाळी मोठ्या डॉक्टरांनी तक्ता माझ्यापुढं टाकला. "तुझं अक्षर चांगलं, तूच भर." कोणी किती ऑपरेशनं केली ते लिहायचं. बाकी तिघांची भरली. माझं शून्य. आठ महिने बाकीचे ऑपरेशन करतात आणि मी नुसती जखम ताणून धरतोय. बौद्धवाडीतल्या पोराच्या हाती चाकू द्यायचा नाही, हे इथं कोणी बोलत नाही, पाळतात मात्र सगळे.

"शून्य बरं दिसत नाही. सहा हर्निया लिही," म्हणाले. आणि मी लिहिले! का लिहिले?

समितीतले एक डॉक्टर तक्ता बघून मला म्हणाले, "सहा केलेत? मग आजचा तुम्हीच करा." टेबलावर किकवी गावचे एक आजोबा. रोज मीच तपासतो त्यांना. कमरेखाली बधिर, पण शुद्धीवर. म्हणाले, "कापा की डाक्टर, म्या न्हाई भीत." चाकू हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. येतच नाही, तर कापू कसा? आणि खरं सांगायलाही तोंड उघडलं नाही.

माझ्या नावापुढं समितीचा शेरा पडला: संधी भरपूर, कुवत नाही.

तक्ता आणि शेरा, सगळ्याची समितीसाठी स्वच्छ प्रत उद्या मीच करायची. अक्षर चांगलं ना! करतो. सहाच्या जागी शून्य लिहून करतो, आणि खाली माझी सही.