स्नेहलच्या पाठीमागची भिंत

संत तुकाराम नगर, पिंपरी
२४ नोव्हेंबर २०२०

ती. दुर्गावन्संना,
कौशल्येचा शि. सा. नमस्कार. इकडे सगळे हातीपायी धड आहेत. तुमची खुशाली कळवा.

सोमवारी सकाळी नळाला पाणी आलं, मी हंडा लावला. दूध तापवलं, सूनबाईचा डबा भरला, पूनम दवाखान्याच्या ड्यूटीला गेली. रोहिदास चाकणहून रात्रपाळी करून आला आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपला. मी स्नेहलचं स्टूल पुसून भिंतीशी ठेवलं, रोहिदासचा फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. रोजचंच काम. फक्त त्या दिवशी नातीनं वेणी घालू दिली नाही. कोण बघणार आहे, म्हणाली. तेव्हापासून मला धड बसवत नाही की उठवत नाही.

दसऱ्यापासून तिनं फोनवरच्या शाळेत कॅमेरा लावलेला नाही. हजेरीला नाव लागतं, पण सरांनी काही विचारलं तर उत्तर देत नाही. जेवणात अर्धी चपाती. तुमच्या चालण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायची, ती आता हाक मारली तरी तिसऱ्यांदा ओ देते. रोहिदास चिडला, म्हणाला फोन काढून घेईन. तिनं मुकाट्यानं त्याच्या हातात ठेवला. रडली असती तर मला इतकी भीती वाटली नसती.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. दोन खोल्यांच्या घरात तिच्याविषयी बोलले की तिच्या कानावर जातंच. म्हणून हे तुमच्या आळीतल्या खंडूच्या हाती देते. तो कंपनीत रोहिदासच्याच लायनीवर आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे यांचा फोटो दक्षिणेच्या भिंतीला लावला आहे. रेंज तिथंच येते, म्हणून स्नेहलही त्याच्याखाली बसते. आजोबांचं लक्ष आहे तिच्या अभ्यासावर, तेवढंच मला बरं वाटतं. वाचनालय बंद आहे, जुनीच पुस्तकं पुन्हा काढते आणि त्याच पानावर बसून राहते.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची, कौशल्या


चाकण
२८ नोव्हेंबर

चि. कौशल्याला दुर्गाचा आशीर्वाद.

तुजं पत्र मिळालं. आक्षर बघून खंडू म्हनला, आत्या, कोर्टाचा कागद आलाय का. मला काय तुज्यावानी पुस्तकी लिवता येत न्हाई, बोलते तसं लिवते.

पोरीची मीठ-मव्हऱ्यानं दिष्ट काढ. डोक्याला तेल घाल. रोहिदासाला म्हनावं, तू शाळंत असताना कितींदा मास्तरांच्या शिव्या खाल्ल्यास ते आत्याला ठावं हाय, लेकीवर वरडू नगंस. आमचा नातू गणराज तर आवाज बंद करतो आन शाळा चालू असताना चिवडा खातो. त्याची आई म्हनती शिकतोय. मी म्हनते व्हय, शिकतोय.

कोंडाजीचा फोटो हाय तिथंच ऱ्हाऊ दे. वर्षश्राद्ध होईस्तवर भिंतीवरनं हलवायचा न्हाई, ही आमच्या घरची रीत हाय. नात आजाच्या नजरंखाली शिकतीय, ह्यापरास बरं काय आसतंय?

पोरीचं काय झालं ते कळीव. माजा जीव तिकडंच हाय.
दुर्गा


संत तुकाराम नगर, पिंपरी
५ डिसेंबर

ती. वन्संना शि. सा. नमस्कार.

दृष्ट काढली. तेल घातलं. फरक नाही.

काल स्नेहलच्या जयदीप सरांनी फोनवरच पालकांची सभा घेतली. पूनम ड्यूटीवर, रोहिदास फोन घरी ठेवून कंपनीत, म्हणून मी बसले. सर पोरसवदा आहेत. मार्कांचं आज काही बोलणार नाही, म्हणाले. सकाळभर बंद चौकोनांशी बोलून त्यांनाही घरी गप्प बसावंसं वाटतं, हेसुद्धा सांगून टाकलं. पुढं म्हणाले, कॅमेरा बंद का असं मुलांना दरडावू नका. मुलं जिथं बसतात तिथं एकदा स्वतः बसा आणि त्यांना दिवसभर काय दिसतं ते बघा.

मी स्नेहलच्या स्टुलावरच बसले होते. मला फोनमधला स्वतःचा चेहरा दिसला आणि खांद्यावरून हे. तोच कंपनीच्या कार्डावरून मोठा केलेला फोटो, चंदनाचा हार घातलेला. मी हलले की चित्रातली मी हलायची. हे हलत नव्हते. वन्सं, फोटो लावल्यापासून कॅमेरा बंद करेपर्यंत पोर रोज हेच बघत होती, आणि तिला तिथं मी बसवलं होतं.

सर म्हणाले होते तसं, कॅमेरा बंद का असं मी विचारलं नाही. तिला मेथी निवडायला घेतलं आणि सांगितलं की आज मी तुझ्या जागेवर बसले होते, मला आजोबा दिसले. ती काड्या मोडायला लागली. मग बोलली. दसऱ्याच्या आधी वर्गातल्या सनीनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुझ्या मागे हार घातलेला माणूस कोण आहे. हिच्या तोंडून निघून गेलं, कोणी नाही. त्यानंतर हिनं कॅमेरा बंद केला. आजोबा भिंतीवरून ऐकत होते, असं तिला वाटतं. ते ॲम्ब्युलन्समध्ये चढताना हिला म्हणाले होते की आल्यावर सायकलची चेन बसवून देतो. आणि त्यांना ही कोणी नाही म्हणाली.

आमची दोघींची मेथी तशीच राहिली.

फोटो तिथं असेपर्यंत पोर त्या भिंतीपुढं बसून कॅमेरा लावायची नाही. तुमची रीत मला माहीत आहे, म्हणून मी अजून हात लावलेला नाही. पण मला फार दिवस थांबवणार नाही. लवकर लिहा.

रागावलात तरी माणसातून काढू नका.
तुमची, कौशल्या


चाकण
९ डिसेंबर

चि. कौशल्याला आशीर्वाद.

फोटो काढ.

कोंडाजीला त्यो कंदीच आवडला न्हाई. टाय सायबाचा उसना व्हता. म्हनायचा, आक्का, ह्यात मी धरून आनल्यावानी दिसतो.

आन रीत-बीत काय न्हाई गं. दवाखान्यात कुनाला जाऊ दिलं न्हाई, मला माज्या भावाचं त्वांड बघाय मिळालं न्हाई. वाटलं, वरीसभर भिंतीवर तरी ऱ्हावा. म्हून तुला रीत म्हनून सांगितलं.

स्नेहलला सांग, लहानपनी आईचा मार चुकवाय कोंडाजी माज्याकडं बोट करून शेजारनीला म्हनायचा, ही माजी कोन न्हाई, आन मार मला बसायचा. म्हातारपनी त्येच आठवून हसायचा. पोरीच्या बोलन्याचा त्यो राग धरनार न्हाई. आत्याआजीनं सांगितलंय म्हनावं.

तू बी जेवत जा.
दुर्गा


संत तुकाराम नगर, पिंपरी
१० डिसेंबर

ती. वन्संना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र स्नेहलला वाचून दाखवलं. शेजारणीचा मजकूर तिनं पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, आजोबा खरंच असं म्हणायचे? मी म्हटलं, आत्याआजीच्या अंगावर अजून त्या माराचे वळ असतील, जाऊन बघ. थोडी हसली.

आजोबांना कुठं ठेवायचं, हे तिलाच विचारलं. तिनं स्वयंपाकघर सांगितलं, ते चहा घेत बसायचे तो कोपरा. मोकळ्या भिंतीकडे बघून म्हणाली, आता मागे काहीच नाही.

तुम्ही रीत सोडलीत, त्याबद्दल काय लिहू? भेटीत बोलू.
तुमची, कौशल्या

ता. क. खंडूची पाळी बदलली, म्हणून पत्र काल गेलं नाही. आज सकाळी मी स्नेहलची वेणी घातली, त्या भिंतीशी पाट टाकला आणि तिच्या पाठीमागे मेथी निवडत बसले. जरा डावीकडे सरक, फोनमध्ये दिसत नाहीस, म्हणाली. मी सरकले.