सुचेताच्या डोळ्यातला माणूस

शनिवार, ७ जून
पोर्ट्रेट फोटोग्राफीच्या क्लासचा पहिला दिवस. मल्लेश्वरम. के. आर. पुरमहून मेट्रो, मग मॅजेस्टिकला बदलून दुसरी मेट्रो. वर्गात बाकी सगळे विशी-पंचविशीतले. मी पंचेचाळीसचा, पण सांगितल्याशिवाय कळत नाही.
पद्मावती मॅडम शिकवतात. त्यांचं मराठी घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी इथे आलेलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता कन्नड आपोआप येतं. म्हणाल्या, प्रत्येक पोर्ट्रेटमध्ये दोन माणसं असतात. एक दिसतो, दुसरा कॅमेऱ्यामागे असतो. दिसणारा दुसऱ्याकडे कसा बघतोय ते वाचायचं. नियम एकच. कुणाला काही विचारायचं नाही, जे आहे ते फोटोतच शोधायचं.
मला हे शिकवायची खरं तर गरज नव्हती. ऑफिसात माझी आख्खी टीम आहे. कोण खरा आजारी आणि कोण सिक लीव्ह टाकून भटकतोय, हे मी व्हिडिओ कॉलवर चेहरा बघून सांगतो. (एकदा चुकलो. अपेंडिक्स निघालं.)
संकल्प: वर्गात पहिला येणे. मॅडम म्हणाल्या, आम्ही नंबर काढत नाही. काढत असणार.
होमवर्क: कुणी काढला हे आपल्याला माहीत नाही असा एक फोटो आणणे.

रविवार, ८ जून
सुचेताकडे तिचा एखादा फोटो मागितला. तिने लगेच पाठवला. म्हणाली, माझा सगळ्यात आवडता आहे.
दगडी भिंत, भरपूर ऊन, आणि सुचेता हसतेय. नुसती हसत नाहीये, हसू आवरत नाहीये तिला. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला असं हसताना पाहिलेलं नाही.
हा फोटो काढला कुणी? मी नाही. मी काढलेले फोटो मला आठवतात.
विचारणार होतो. पण नियम आहे. शिवाय विचारलं की माणूस सावध होतो.

मंगळवार, १० जून
फोटोचा अभ्यास. तारीख जानेवारीची. भिंत किल्ल्याची आहे. आम्ही दोघं कधी किल्ल्यावर गेलेलो नाही. जानेवारीत देवनहळ्ळीला गेलो होतो, पण ते प्लॉट बघायला. त्यातही माझा सगळा दिवस ऑफिसच्या कॉलवर गेला. प्लॉट कसा होता तेसुद्धा सांगता येणार नाही.
दुसरा पुरावा, पिवळा कुर्ता. मी हा कुर्ता कधी पाहिलेला नाही. जेवताना सहज विषय काढला. सुचेता म्हणाली, दिवाळीला तूच दिलास. उत्तर जरा जास्तच पटकन आलं.

शनिवार, १४ जून
आज वर्गात कॅचलाइट. म्हणजे डोळ्याच्या बाहुलीत उजेडाचा ठिपका पडतो तो. फोटो मोठा केला तर त्या ठिपक्यात कधी कधी कॅमेऱ्यामागचा माणूसही दिसतो.
माझा फोटो पडद्यावर लावला. बाई कोण? ओळखीच्या एक, असं सांगितलं. मॅडमनी डोळा मोठा केला. आणखी मोठा केला.
माणूस होता.
काळी आकृती. पोट पुढे, पाठीला बाक, पाय फाकलेले. एका हातात कॅमेरा किंवा फोन, दुसरा हात कानाशी. मी म्हणालो, केस सारखे करतोय, सुंदर दिसायची हौस आहे. दिव्यश्री नावाची मुलगी म्हणाली, कुणाचा तरी काका दिसतोय. सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसलो. सुचेताला एवढाच मिळाला?
मॅडम मात्र हसल्या नाहीत. चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही पोज देत नाही. समोरच्या माणसाला स्वल्प हसते आहे. पण तो आवडतो तिला. सरी, हे खोटं करता येत नाही." (सरी म्हणजे ठीक, बरोबर.)
येताना के. आर. पुरम कधी गेलं कळलंच नाही. पार शेवटच्या स्टेशनवर, व्हाइटफील्डला उतरलो.
वाईट वाटलं. माझ्याकडे सुचेता असं बघत नाही.

रविवार, १५ जून
संशयित: रघुनंदन. वरच्या मजल्यावर राहतो. मूळचा इथलाच मराठी. मागच्या महिन्यात फणसाचे गरे घेऊन आला होता. सुचेताला अक्का म्हणतो. इतक्या ठसक्यात अक्का म्हणायचं कारण काय?
आज त्याला गच्चीवर बोलावलं. क्लासचा सराव आहे, असं सांगितलं. पोट पुढे काढ, पाय फाकव, एक हात कानाशी ने. बिचारा सगळं करत गेला. पण पोट पुढे येईचना, नाहीच मुळात. पाठही ताठ.
म्हणजे जानेवारीपासून वजन उतरवलं. व्यायाम करतो, हे तो स्वतःच म्हणाला. मनात काही नसेल तर माणूस एवढा व्यायाम का करेल?
जाताना त्याने विचारलं, अण्णा, तुम्ही बरे आहात ना? लक्ष दुसरीकडे वळवण्याचा प्रयत्न.

शनिवार, २१ जून
नवीन असाइनमेंट. आणलेल्या फोटोला फोटोनेच उत्तर द्यायचं. तोच माणूस, तीच जागा, आणि फोटो आपण काढायचा. दोन्ही शेजारी शेजारी लावायचे.
माझा प्लॅन तयार आहे. सुचेताला सांगायचं, मला त्या जागी घेऊन चल. कुठे नेते ते बघायचं. तिथे असा फोटो काढायचा की त्या पोटवाल्याचा फोटो शेजारी फिका पडेल. भाड्याने लेन्स आणली आहे. पोट आत घेण्याचा सरावही सुरू. आरशात फरक दिसतोय.
सुचेताला सांगितलं. ती म्हणाली, चल की उद्या.
अजिबात घाबरली नाही. पोहोचलेली आहे.

रविवार, २२ जून. परत आल्यावर
देवनहळ्ळीचा किल्ला. ड्रायव्हरला वळणं सुचेताच सांगत होती. रस्ता बरा पाठ आहे, असं म्हणालो. ती म्हणाली, हो, मागच्या वेळी... मी म्हणालो, राहू दे. पुरावा आधी, कबुली नंतर.
तीच भिंत. तोच कुर्ता घालायला लावला होता. मी पुष्कळ फोटो काढले. हनुवटी वर, खांदे सैल, मोकळं हस. ती हसली. आधार कार्डाच्या फोटोत हसायला परवानगी असती तर लोक हसले असते, तशी. एकाही फोटोत ते बघणं नाही. दुसऱ्या कुणासाठी ते आपोआप आलं होतं.
फोकस तपासायला कॅमेऱ्यातच तिचा डोळा मोठा केला.
तो आत होता. तेच पोट, तोच बाक, तेच फाकलेले पाय. आज दोन्ही हात वर, एवढाच फरक.
म्हणजे तो आला होता! माझ्या पाठीमागे उभा होता! मी गर्रकन वळलो. क्रिकेट खेळणारी पोरं आणि एक बकरी.
सुचेताने विचारलं, काय झालं? आता लपवण्यात अर्थ नव्हता. दोन्ही डोळे दाखवले, जानेवारीचा फोनवर आणि आजचा कॅमेऱ्यात. म्हणालो, हा माणूस कोण आहे ते आत्ता सांग.
तिने दोन्हीकडे नीट पाहिलं. मग खाली पायरीवर बसली.
"अरे, तूच आहेस हा. प्लॉट बघून झाल्यावर इथे आलो होतो. मी म्हणाले माझा एक फोटो काढ, तर तू एका हातानं माझ्या फोनवर काढलास. दुसऱ्या हातानं तुझा फोन कानाला. ऑफिसमधल्या कुणाला तरी झापत होतास. घसा सुकेपर्यंत. आणि फोन म्यूटवर होता."
मी म्हणालो, मग तेव्हाच सांगायचं नाही का?
"सांगणार होते. पण तू इतका छान बोलत होतास. आणि कुणाला त्रासही होत नव्हता."
एवढं बोलून ती हसायला लागली. हसू आवरेना. अगदी फोटोतल्यासारखं, उलट जास्तच. माझ्याकडे बघून.
कॅमेरा माझ्या गळ्यात होता. मी पोट आत घेत होतो. फोटो काढायचं राहून गेलं.

सोमवार, २३ जून
जानेवारीतलं ऑफिसचं मेल काढून वाचलं. कॉलनंतर मॅनेजरने लिहिलं होतं, पुरुषोत्तम, तू आज शांतपणे ऐकून घेतलंस, आवडलं. तेव्हा मला वाटलं होतं, माझा मुद्दा पटला.

शनिवार, २८ जून
दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून दिले. खाली लिहायचं होतं, कॅमेऱ्यामागे कोण? पहिल्याखाली लिहिलं, मी. दुसऱ्याखालीही, मी. दिव्यश्रीने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि सॉरी म्हणाली. मॅडमनी दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, पहिल्याला हात लावू नका, दुसऱ्यात स्वल्प जास्त फोटोग्राफी झाली. पहिला नंबर जाहीर झाला नाही.
जिन्यात रघुनंदन भेटला. गच्चीवरच्या प्रकाराबद्दल माफी मागावी म्हणत होतो. त्याने व्यायामाच्या क्लासचा पत्ता दिला. घेतला.
घरी आल्यावर सुचेताला म्हणालो, तो फोटो आता काढून टाक, मी त्यात बरा दिसत नाही. ती नको म्हणाली. राहू दे म्हणाली, चांगला माणूस आहे तो.
असेल. मला त्याच्याबद्दल काहीच सांगता येत नाही. तो तिथे होता तेव्हा मी कॉलवर होतो.