रोह्याचा फ्लॅट दाखवताना

भाऊ,

तुम्ही गेलात तेव्हा सगळं पेण म्हणत होतं, काय देवमाणूस होता! मेल्या म्हशीला मणभर दूध. मी मागे उभी राहून ऐकत होते. म्हटलं, यातल्या कुणाला भाऊंनी घराबाहेर काढलेलं दिसत नाय. मी तुमच्या हाताखाली दलाली शिकले, तुमची रीत मला पाठ आहे. भाडेकरूला घर खाली कर म्हणून सांगायचंच नाही. ऐन जेवायच्या वेळी नवी पार्टी घेऊन जायचं, त्याच्यादेखत खोल्या दाखवायच्या, कपाटं उघडायची. "माणूस आपल्या पायानं जातो. आपण तोंड कशाला वाईट करायचं?" असं म्हणायचात.

मला पहिल्यांदा पाठवलंत त्या घरात बाळंतीण होती. मी जिन्यातूनच परत फिरले. ऑफिसात गिऱ्हाइकांसमोर तुम्ही ओरडलात, "एवढी दया येते तर देवळात जाऊन बस गो, इथं कशाला आलीस?" दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः गेलात आणि घर रिकामं करून आलात. मी काम सोडलं. मुंबईवाल्यांची बंद घरं सांभाळायचा स्वतःचा धंदा काढते म्हटल्यावर किती हसलात! "सांभाळायला कोण देतो? लोक माणसं हाकलायला देतात. कळेल तुला." बरीच वर्षं नाय कळलं. गणपतीआधी घरं उघडते, झाडते, टाक्या धुऊन घेते, जोहे गावातून गणपतीची मूर्तीसुद्धा आणून ठेवते. पेणपासून रोह्यापर्यंत लोक विश्वासानं किल्ल्या देतात, आणि माझ्यावर ओरडणारं कुणी नाही.

तुमच्यामागं तुमच्या मुलानं पेणचं घर विकून रोह्यात स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतला, वहिनींना एकटीला तिथं ठेवलं आणि आपण दुबईला गेला. त्या बिल्डिंगमधली निम्मी घरं मला त्याच्याच ओळखीनं मिळाली. परवा त्याचा फोन. "ताई, आमचा फ्लॅट कंपनीतल्या साहेबाला भाड्यानं द्यायचाय. आईला तुम्हीच सांगा ना, मला जमत नाय."

मलाही जमलं नाही. म्हणून काल दुपारी पार्टी घेऊन गेले.

वहिनी बिरड्याचे वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी पार्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात पुसत उठल्या. पार्टी नेऊन घरं खाली करायचे हेच किस्से तुम्ही जेवताना त्यांना रंगवून सांगायचात ना? लगेच ओळखलं त्यांनी. "ये गो. बघा, सगळं बघा. पाणी पहाटे येतं, स्वयंपाकघरात ऊन येत नाय." कपाटसुद्धा त्यांनीच उघडून दाखवलं, आत त्यांची चार लुगडी. पार्टी गॅलरीत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "ह्यांच्याकडंच शिकलीस ना?"

"व्हय, वहिनी."

"चांगलं शिकलीस."

तुमचा इतका राग आला, भाऊ! करावं तसं भरावं म्हणतात, पण भरायला तुम्ही आहात कुठं? भरतेय ती बिचारी. तुमच्या हाताखाली होते तेव्हा निदान भाऊंनी सांगितलं असं म्हणता तरी येत होतं. आता पाटी माझी, धंदा माझा, तोंडही माझंच.

पार्टीला घर पसंत पडलं. वहिनी दारापर्यंत आल्या, कधी खाली करायचं ते विचारलं. मी म्हटलं, महिनाअखेर. त्या बरं म्हणाल्या आणि परत वाल सोलायला बसल्या.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहितेय. त्या आता कुठे जातील हे मी विचारलं नाही. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे; विचारलं असतं तर द्यावी लागली असती.